बावखलातली टिबुकली

टिबुकली दिसते कशी, हे सांगण्याआधी ती नाहीशी कशी होते ते सांगायला हवं. हिरव्या पाण्यावर ओंजळीएवढा तपकिरी गोळा तरंगत असतो. आपण दुर्बीण डोळ्यांना लावतो, चाक फिरवून चित्र स्पष्ट करतो, तोवर तिथे नुसती वलयं उरलेली असतात. शिंतोडा नाही, आवाज नाही. मग मनातल्या मनात मोजायला लागायचं. दहा, बारा, पंधरा. अठराव्या आकड्याला ती भलत्याच कोपऱ्यात, केळीच्या सावलीत, बाटलीच्या बुचासारखी वर उसळते, मान झटकते आणि आपला रोख तिकडे वळेपर्यंत पुन्हा बुडी मारते. वसईच्या वाड्यांमधून मी हे मोजणं बरीच वर्षं करतो आहे आणि अजूनही ती कुठे वर येईल याचा माझा अंदाज बहुतेक वेळा चुकतो.

नालासोपारा स्टेशनातून पश्चिमेला निर्मळ-भुईगावच्या दिशेने निघालं की इमारतींची दाटी हळूहळू सैल होते. गास, वाघोली, निर्मळ, गिरीज, भुईगाव, नंदाखाल ही इकडची गावं. केळी, नारळ, पानवेल, सोनचाफा. या वाड्यांच्या मधोमध बावखल असतं. वसईबाहेरच्या वाचकाला हा शब्द नवा असेल. बावखल म्हणजे विहीर नव्हे आणि तलावही नव्हे. हाताने खणलेलं, मातीच्या उतरत्या काठाचं, बिनबांधकामाचं तळं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरतं आणि उरलेलं वर्ष ते पाणी वाडीला पुरवून पुरवून वापरायचं. काठावर रहाट, रहाटाला जनावर, रहाटातून पाटात आणि पाटातून केळीच्या बुंध्याशी पाणी. रहाट केव्हाच गेले, विजेचे पंप आले, पण बावखल तेच आहे.

समुद्र इथून जवळ. तरी गोडं पाणी कसं मिळतं? या जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, कारण ते हलकं असतं. भूजलशास्त्राचा एक जुना हिशेब आहे: गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली की खालचं खारं पाणी साधारण चाळीस फूट वर सरकू शकतं. म्हणून किनाऱ्यालगतच्या गावात पाणी उपसण्याइतकंच मुरवण्यालाही मोल असतं. बावखल ही दोन्ही कामं करतं. आणि या दोन कामांच्या जोडीला ते टिबुकली सांभाळतं.

मराठीत हिला टिबुकली म्हणतात, पाणडुबी असंही म्हणतात. मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर गावोगावच्या लोकांकडून पक्ष्यांची नावं गोळा करून ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. तो चाळला की कळतं, आपल्या माणसांनी पाण्यावरच्या पाखरांना किती बारकाईने पाहिलं होतं. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या पाणपक्ष्याला वारकरी म्हणणाऱ्या माणसाने तो पक्षी नक्कीच जवळून न्याहाळला असणार. टिबुकलीच्या नावात तर पाण्यात खडा पडल्याचा आवाजच ऐकू येतो. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थ आहे: लाल मानेची, झटकन बुडणारी.

लाल मान मात्र बाराही महिने नसते. नोव्हेंबरात पाहाल तर ती फिकट तपकिरी, ओळखू न येणारी दिसेल. पाऊस जवळ आला की गाल आणि मान तांबूस होते, चोचीच्या मुळाशी पिवळा ठिपका उजळतो आणि जोडी एकमेकांना सामोरी येऊन साद घालू लागते. हा आवाज एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. घोड्याचं शिंगरू दूरवर खिंकाळावं तशी थरथरती, वरून खाली घरंगळत येणारी तान. एवढ्याशा पाखराचा, पण साऱ्या वाडीत ऐकू येतो. एका पावसाळी सकाळी मी काठावर उभा असताना वाडीतल्या एक वयस्क बाय पाणी भरायला आल्या. ‘काय बघतोस रे?’ त्यांनी विचारलं. मी बोट दाखवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘ती होय! ती ओरडली की आम्ही वाळत घातलेले कपडे आत घेतो.’ पक्ष्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, त्याची ओळख मात्र पक्की होती.

तिची शरीररचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. पाय अगदी मागे, शेपटीच्या जागी, आणि शेपटी जवळजवळ नाहीच. बदकाचे पाय पडद्याचे असतात. टिबुकलीच्या प्रत्येक बोटाला मात्र वेगळी, पानासारखी पसरट झालर असते. पाणी मागे लोटताना ती उघडते, पाय पुढे घेताना मिटते. वल्ह्याहून सरस सोय. या मागच्या पायांपायी जमिनीवर तिचे हाल होतात. दोन पावलं टाकायची तरी ती पोटावर पडते, म्हणून ती सहसा जमिनीवर येतच नाही. धोका वाटला की पिसांतली हवा दाबून बाहेर काढते आणि हळूहळू खाली जाते. आधी पाठ, मग मान, शेवटी नुसती चोच पाण्याबाहेर.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. टिबुकली स्वतःची पिसं खाते आणि पिल्लांनाही अगदी पहिल्या दिवसांत पिसं भरवते. पोटात पिसांचा बोळा तयार होतो आणि माशांचे काटे त्यात अडकून राहतात, आतडं कापलं जात नाही. आपल्याकडे बाळाला मासा भरवताना आई काटे निवडते. हिने काट्यांची सोय पोटातच करून ठेवली आहे.

घरटं जुलै-ऑगस्टात. पाण्यातल्या वनस्पती, कुजका पाला, शेवाळ यांचा एक ओला ढीग, उभ्या देठांना अडकवलेला आणि तरंगता. चार-पाच अंडी. घातली तेव्हा पांढरीशुभ्र, आठवड्याभरात कुजक्या पाल्याच्या रंगाची. घरट्यावरून उठताना ती चोचीने भराभर पाला ओढून अंडी झाकते आणि मगच पाण्यात शिरते. काठावरून पाहणाऱ्याला तिथे कचऱ्याचा पुंजका दिसतो, बाकी काही नाही. नर-मादी दोघंही उबवतात. तीन आठवड्यांनी झेब्र्यासारख्या पट्ट्यांची पिल्लं बाहेर येतात आणि लगेच आई-बापाच्या पाठीवर चढतात. पंखाखालून फक्त डोकी दिसतात. कधी कधी मोठा पक्षी पिल्लांसकट बुडी मारतो.

तरंगत्या घरट्याची किंमत मला २०१८ च्या जुलैत कळली. वसई-विरारमध्ये तो पाऊस कुणी विसरलेलं नाही. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, लोकल बंद, घरांत पाणी, वीज नाही. पाणी ओसरल्यावर मी बावखलाकडे गेलो तो घरटं संपलं असेल हे गृहीत धरूनच. काठ ओळखू येत नव्हता, केळीचे बुंधे पाण्यात उभे होते. घरटं मूळ जागेपासून थोडं सरकलं होतं, पण होतं. पाणी चढलं तसं तेही वर चढलं होतं आणि मादी त्यावर बसलेली होती.

इथून हजारो मैलांवर, उत्तर अमेरिकेतल्या थंड सरोवरांवर राहणाऱ्या एका पक्ष्याला नेमकी हीच सोय नाही. त्याचं नाव लून. माझी एक मामेबहीण ओंटारिओत असते. पहिल्यांदा सुट्टीवर आली तेव्हा तिने मला कॅनडाचं एक डॉलरचं नाणं दिलं. त्यावर हा पक्षी आहे, म्हणून तिकडे त्या नाण्यालाच लूनी म्हणतात. १९८७ मध्ये हे नाणं निघालं. मुळात त्यावर होडीतले प्रवासी यायचे होते, पण टांकसाळीकडे जाताना साचे वाटेत हरवले आणि त्यांच्या जागी लूनची वर्णी लागली. टिबुकलीसारखेच मागे गेलेले पाय, जमिनीवर तेच लंगडणं, तीच बुडी, पिल्लांना पाठीवर घेण्याची तीच रीत. पण लून दांडगा: तीन-चार किलोंचा, पाठीवर पांढऱ्या चौकटी, डोळा माणकासारखा लाल. बहुतेक पक्ष्यांची हाडं पोकळ असतात, याची बरीचशी भरीव. साठ मीटर खोल जाऊ शकतो. त्याची रात्रीची साद ऐकलेली माणसं तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. बहिणीने फोनवर ती एकदा ऐकवली. लांबलचक, माणसाच्या हाकेसारखी, आणि समोरच्या डोंगरावरून परत येणारी.

लून घरटं करतो ते पाण्याच्या अगदी काठाला, जमिनीला टेकून. धरणाने किंवा पावसाने पाणी वीतभर चढलं की अंडी गेली. तिकडच्या लोकांनी मग काय केलं? ओंडक्यांचे तराफे बांधले, त्यावर माती-गवत घातलं आणि सरोवरात नांगरून ठेवले. लून त्या तराफ्यांवर अंडी घालू लागले. टिबुकली जे स्वतः करते ते तिथे लूनसाठी माणसांनी करून दिलं.

लून आणि टिबुकली इतके सारखे, की पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी त्यांना एकमेकांचे नातलग मानलं होतं. ते चुकीचं ठरलं. सारखं जगणं वाट्याला आलं म्हणून सारखी शरीरं घडली, रक्ताचा संबंध नाही. या शतकाच्या सुरुवातीला जनुकांच्या अभ्यासातून टिबुकलीचं खरं गोत्र सापडलं, तेव्हा भल्याभल्यांचा विश्वास बसेना. तिचा सर्वांत जवळचा नातलग आहे रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो! एक दीड वीत उंचीचा, दुसरा चार-पाच फुटी. एक गोड्या डबक्यात बुडणारा, दुसरा खाऱ्या चिखलात उभा राहणारा. नंतर जुने पुरावेही जुळले: दोघांच्या अंड्यांवर खडूसारखा थर असतो, दोघांच्या पिसांत एकाच जातकुळीच्या उवा सापडतात. वसईहून खाडीने वर जावं तर पलीकडे ठाणे खाडी. तिथल्या रोहितांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला, हजारो माणसं होडीतून गुलाबी थवे पाहून येतात. ते झालं याचा आनंदच आहे. पण त्या रोहिताची सख्खी भावकी निर्मळच्या नि गिरीजच्या तळ्यांत राहते, हे वसईकरांना कुणी तरी सांगायला हवं, म्हणून हा लेख.

पक्षी मोजणं म्हणजे रिकामटेकड्यांचं काम, असं मला अनेकांनी ऐकवलं आहे. त्यांना मी इंग्लंडातली गोष्ट सांगतो. टिबुकलीची एक मोठी, तुऱ्याची बहीण आहे. तिच्या छातीची मऊ पिसं बायकांच्या टोप्यांवर नि गळ्याभोवती मिरवण्याची टूम एकोणिसाव्या शतकात निघाली. १८६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये तिच्या शंभर जोड्याही उरल्या नव्हत्या. त्या व्यापाराविरुद्ध १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ काही स्त्रिया एकत्र आल्या, आणि आज तिकडची सर्वांत मोठी पक्षिसंरक्षण संस्था त्या बैठकांतून वाढली आहे. कायदे झाले, पक्षी सावरला. पण किती सावरला? १९३१ मध्ये टॉम हॅरिसन आणि फिल होलम या दोन तरुणांनी देशभर आवाहन केलं आणि हजाराहून अधिक सामान्य माणसांनी आपापल्या गावचं तळं पाहून आकडे कळवले. एकाच जातीच्या पक्ष्याची अशी देशव्यापी गणना तेव्हा क्वचितच होत असे. कॅनडात १९८१ पासून सरोवराकाठचे रहिवासी दर उन्हाळ्यात तीन वेळा आपल्या सरोवरावरचे लून आणि त्यांची पिल्लं मोजतात. जोडीमागे जगणारी पिल्लं कमी होत चालली आहेत, हे या मोजणीतूनच कळलं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात लूनसाठी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या समितीने मेलेले पक्षी तपासले. पोटात गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या सापडत होत्या. अशा छोट्या गोळ्यांवर पुढे त्या राज्यात बंदी आली. आधी कुणी तरी वहीत आकडे मांडले होते, म्हणून कायद्याला हात घालता आला.

आता माझ्या वहीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका मोठ्या तळ्यावर ऑगस्टात जलपर्णी काढायला यंत्र आलं. जलपर्णी काढायलाच हवी, तिने पाण्याचा श्वास कोंडतो. पण त्या पट्ट्यात टिबुकलीची तीन घरटी होती, दोन पक्षी अंड्यांवर होते. मी पोहोचलो तेव्हा हिरवा ढीग डंपरमध्ये भरला जात होता आणि दोन्ही जोड्या मधल्या मोकळ्या पाण्यावर गोल गोल फिरत होत्या. यंत्रावरच्या माणसाला मी घरट्यांबद्दल सांगितलं. तो खाली उतरला, ढीग हाताने उपसून पाहू लागला. एक अंडं मिळालं, फुटलेलं. म्हणाला, ‘साहेब, कुणी सांगितलं असतं तर एवढा तुकडा सोडला असता.’ घरट्यांची जागा, तारीख, अंडी सगळं माझ्या वहीत होतं. ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या नोंदी वहीत कोंडून ठेवायच्या नाहीत असं ठरवलं.

बावखलांची स्थिती मोठ्या तळ्यांपेक्षा नाजूक. ती बहुतेक खासगी जमिनीत, वाटण्यांमध्ये विभागलेली. नळ आले, पंप आले, रोजची गरज संपली. मग एका कोपऱ्यात राडारोडा पडतो, पुढच्या वर्षी तिथे रस्ता होतो, तिसऱ्या वर्षी बावखल कागदावरही राहत नाही. पाणथळ जागांसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत, पण सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने खास बांधलेली जलस्थळं त्या व्याख्येतून वगळलेली आहेत. देशाच्या पाणथळ नकाशात सव्वादोन हेक्टरांपेक्षा लहान जागा ठळकपणे येत नाहीत. बावखल खणलेलं आहे, सिंचनाचं आहे आणि लहान आहे. तिन्ही बाजूंनी ते सुटतं. जी तळी उरली त्यांचं सुशोभीकरण होतं: उभी दगडी भिंत, फरशी, दिवे, कारंजं. माणसाला बसायला जागा मिळते हे खरं, पण उतरता काठ आणि काठचं गवत गेलं की टिबुकलीला घरटं अडकवायला देठ उरत नाहीत. भिंत घालायचीच तर एका बाजूला घाला. दुसरा काठ मातीचा राहू द्या. माझं एवढंच मागणं आहे.

वसईच्या माणसाला पाण्यासाठी भांडणं शिकवावं लागत नाही. १९९० च्या सुमारास सिडकोकडे या पट्ट्याचं नियोजन गेलं, इमारती उठू लागल्या, विहिरींचं पाणी टँकरने बाहेर जाऊ लागलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. हिंदू आणि ख्रिस्ती, वाडीवाले आणि शिक्षक एकत्र रस्त्यावर आले. दिब्रिटो २०२४ च्या जुलैत गेले. आज पश्चिम पट्ट्यात जी हिरवाई शिल्लक आहे, तिच्यात त्या लढ्याचा मोठा वाटा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत शहराने बारा लाखांचा आकडा ओलांडला, २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. एवढ्या वस्तीच्या मधोमध अजून टिबुकली अंडी घालते.

आणि ही तळी नुसती पाण्याची नाहीत. सोपाऱ्याच्या भातेला तळ्याजवळ १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. भुईगावात १९५६ मध्ये नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. अशोकाच्या लेखांत प्राण्यांना अभय देण्याची आज्ञा पुन्हा पुन्हा येते. सोपाऱ्याचं चक्रेश्वर तळं, निर्मळचं विमलेश्वराजवळचं तळं, दोन्हींच्या काठी देवळं आहेत, कार्तिकात निर्मळची जत्रा भरते. जत्रेला जाणारी माणसं सुकेळी, मिठाई, खेळणी घेऊन परततात. पाच मिनिटं तळ्याच्या काठावर थांबलात तर टिबुकलीही भेटेल.

पाहायची कशी, तेही सांगतो. सकाळी साडेसहा ते आठ. भडक कपडे नकोत. काठावर एका जागी बसा, चालत राहू नका. चालत्या माणसाला ती घाबरते, बसलेल्याला दहा मिनिटांत विसरते. ती बुडाली की वलयांकडे पाहू नका, सगळं तळं नजरेत धरा. पिल्लं पाठीवर दिसली तर जवळ जाऊ नका आणि फोटोसाठी पाण्यात खडा तर मुळीच टाकू नका. हिवाळ्यात एखाद्या सकाळी तळं अचानक रिकामं दिसेल. घाबरू नका, टिबुकल्या रात्री उडतात, एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर जातात. महिनाभर रिकामं राहिलं तर मात्र कारण शोधा. पाण्यावर तवंग आहे का, काठावर कुत्र्यांचा वावर वाढला आहे का, कुणी नायलॉनची जाळी टाकून ठेवली आहे का. गवतात अडकलेली तुटकी गळाची दोरी दिसली तर गुंडाळून घरी न्या.

तळं साफ करायचंच असेल तर डिसेंबर ते एप्रिलमध्ये करा, हे मी आता भेटेल त्या नगरसेवकाला, ठेकेदाराला, वाडीमालकाला सांगतो. त्या महिन्यांत अंडी सहसा नसतात आणि पाणीही कमी असतं. दोन ठिकाणी हे ऐकलं गेलं. एका ठिकाणी तर जलपर्णीचा खोलीएवढा तुकडा मुद्दाम ठेवला, आणि पुढच्या श्रावणात त्याच तुकड्यात घरटं झालं.

दर नोव्हेंबरात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचा. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्ष्यांसाठी राखलेला आहे. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ती १९८७ पासून चालू आहे, तिलाही लहान तळ्यांचे आकडे हवे असतात. तेव्हा वसईचे असाल, विरारचे असाल किंवा आणखी कुठल्या गावचे, घराजवळचं एक तळं निवडा. दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर तळ्याचं नाव, गाव, तारीख, वेळ आणि दिसलेल्या टिबुकल्यांची संख्या लिहा. महिन्यातून एकदा, वर्षभर. ती वही शाळेत, ग्रामसभेत, वॉर्डात, जिथे कुणी ऐकेल तिथे वाचून दाखवा. संख्या शून्य आली तरी लिहा.